लायसन्स कपाटात राहणार नाही

आमच्या गल्लीत माझ्या वहिनीला ‘पायलटीण’ म्हणतात. कौतुकाने नव्हे. जिच्याकडे विमान उडवायचं लायसन्स आहे पण उडवायला विमान नाही, अशा बाईला चिडवायला हा शब्द बरा पडतो. इस्त्रीवाला रोज विचारायचा, “काय पायलटीणबाई, आज कुठलं विमान?” वहिनी कपड्यांचं गाठोडं त्याच्या टेबलावर आपटायची. “आज इथेच उतरलेय. कॉलर नीट कर, नाहीतर उद्या तुझ्या डोक्यावर उतरेन.”

लायसन्स मिळून सात वर्षं झाली होती. मोठ्या कंपन्यांना अनुभवी पायलट हवे होते, आणि अनुभव द्यायला कुणी तयार नव्हतं. मधल्या काळात तिचं दादाशी लग्न झालं, मुलगी झाली, आणि मुलाखतीतला पहिला प्रश्नच बदलला. आधी विचारायचे, किती तास उडालात? आता विचारायला लागले, मुलीला कोण सांभाळणार? एका साहेबाला तिने सांगितलं, “तिचा बाप. तुमच्या मुलांना कोण सांभाळतं?” ती नोकरी अर्थातच मिळाली नाही.

मग ती शहराबाहेरच्या फ्लाइंग क्लबात मुलांना नेव्हिगेशन शिकवायला लागली. पगार घेत नसे. त्याच्या बदल्यात रविवारी सकाळी क्लबचं दोन सीटचं विमान तिला उडवायला मिळायचं. आई, म्हणजे माझी आई आणि तिची सासू, कधीतरी कुरकुरायची, “फुकट राबतेस.” वहिनी म्हणायची, “फुकट नाही, आई. न उडणाऱ्या पायलटचं लायसन्स उपाशी मरतं. मी त्याला रविवारचा रतीब घालते.”

अशात ती नवी कंपनी निघाली. लहान लहान शहरं जोडणारी, पंख्याच्या छोट्या विमानांची. मालक मूळचा बसवाला. त्याच्या बसगाड्या सगळ्या रस्त्यांवर धावायच्या, आता त्याला वरचा रस्ता हवा होता.

दादा म्हणाला, “बसवाल्याची विमानं! वर्षभरात गाशा गुंडाळेल.”

“गुंडाळू दे. तोपर्यंत तर उडेन,” वहिनी म्हणाली. “तुझ्या कंपनीने तुला काय जन्मभराचा शब्द दिलाय?”

तिने तयारी सुरू केली. त्या विमानाच्या कॉकपिटचे पूर्ण आकाराचे फोटो छापून आणले आणि बेडरूमच्या भिंतीवर चिकटवले. समोर जेवणाच्या टेबलाची खुर्ची. पायलट लोक अशीच तयारी करतात. कागदावरच्या बटणांना हात लावून हाताला वळण लावायचं असतं. शेजारी बसून यादी मोठ्याने वाचायला दुसरा माणूस लागतो. दादाला कंटाळा यायचा, म्हणून ते काम आईने घेतलं. चष्मा सावरून आई एकेक शब्द पोलिसासारखा विचारायची, अगदी पंखांच्या मागच्या पट्ट्या किती अंशांवर हेसुद्धा. “फ्लॅप?” “पंधरा.” “बघून सांग. नुसतं तोंडाने नको.” वहिनी म्हणायची, आईइतका कडक सहपायलट जगात सापडायचा नाही.

कॉकपिटमधली काही बटणं डोक्यावर, छतात असतात. तो कागद छताला लावायचा म्हणजे शिडी हवी, म्हणून आम्ही तो समोरच्याच भिंतीवर, बाकीच्या कागदांच्या वर चिकटवला. व्हायचं तेच झालं. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या त्या खोट्या कॉकपिटमध्ये परीक्षा सुरू झाली, आणि वहिनीचा हात डोक्यावर जायच्या ऐवजी थेट समोरच्या काचेवर आपटला.

परीक्षक होते कंपनीचे मुख्य पायलट. मोठ्या विमानांवरून निवृत्त झालेले, सगळे त्यांना नुसतं कॅप्टन म्हणत. त्यांनी विचारलं, “काच पुसताय का?”

“नाही सर. आमच्या घरात छत भिंतीवर आहे.”

कॅप्टन हसले. पुढची सगळी परीक्षा तिने एकही चूक न करता दिली.

नोकरी पक्की करायला ऑफिसात बोलावलं तेव्हा तिला घेऊन मीच गेलो होतो. ऑफिस बसच्या गॅरेजच्या वर होतं. जिन्यात डिझेलचा वास, भिंतीवर अजून न आलेल्या विमानाचा मोठा फोटो. मालकांच्या केबिनची भिंत प्लायवूडची, वरून उघडी. बाहेरच्या बाकावर मला सगळं ऐकू येत होतं.

“कॅप्टन म्हणतात, तुम्ही फार छान उडवता. झालं तर मग,” मालक म्हणाले. “ओरिजिनल लायसन्स इथे ठेवा आणि सोमवारपासून या.”

“इथे म्हणजे कुठे?”

“हे काय, मागे कपाट आहे. आमची जुनी पद्धत आहे, मॅडम. ड्रायव्हर आपण तयार करायचा आणि शेजारच्याने पळवायचा, असं होतं या धंद्यात. लायसन्स आपल्याकडे असलं की माणूस जागेवर राहतो.”

“दावणीच्या बैलासारखा.”

“तसं नका म्हणू.”

“तुम्ही तसं करू नका, मी तसं म्हणणार नाही.”

बाहेर मी डोळे मिटून घेतले. एवढ्या खंडानंतर, या वयात, दुसरी कुठलीही कंपनी तिला दारात उभं करणार नव्हती. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

“उडताना लायसन्स पायलटच्या अंगावर लागतं,” ती म्हणाली. “नियम आहे.”

मालकांकडे उत्तर तयार होतं. “विमान यायलाच चार महिने आहेत. उडायच्या दिवशी सकाळी कपाट उघडून देऊ. संध्याकाळी परत ठेवायचं.”

“आणि रविवारी मी क्लबचं विमान काय दाखवून उडवू?”

“चार महिने नका उडवू.”

“चार महिने हात न लावलेली पायलट तुम्हाला चालेल? प्रवाशांना विचारलंत? आणि उद्या कंपनी बंद पडून तुमच्या कपाटाला सील लागलं, तर मी कुणाच्या दारात जाऊ?”

“अहो, शुभ बोला जरा! बाकी अकरा जणांनी गुपचूप ठेवलं. तुमचंच काय वेगळं?”

खाली कुणीतरी बसचं इंजिन चालू करून बघत होतं. मग वहिनीचा आवाज आला, पण तो मालकांसाठी नव्हता.

“सर, तुमचं लायसन्स कुठे आहे?”

कॅप्टन तिथेच बसले होते, हे मला तेव्हा कळलं.

“सर?”

“कपाटात,” कॅप्टन म्हणाले.

“एवढं आयुष्य उडण्यात गेलं तुमचं, सर,” वहिनी म्हणाली, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“बसा, बसा. घाई करू नका,” मालक म्हणाले. “घरी जा, विचार करा. नवऱ्याशी बोला.”

“नवऱ्याचं लायसन्स मागाल तेव्हा नवऱ्याशी बोलेन.”

जिना ती ताठ मानेने उतरली. गाडीत मात्र तिला सीटचा पट्टा लावता येईना.

“भाऊजी, चूक केली का मी?”

“केली असशील,” मी म्हणालो. मला खोटं बोलता आलं नाही.

“असू दे. माझी आहे.”

घरी दादाने डोक्याला हात लावला. “हातातोंडाशी आलेला घास! अकरा जणांनी ठेवलं ना? तूच काय आभाळातून पडलीस?”

“पडायला आधी वर जावं लागतं. तेच तर कुणी जाऊ देत नाहीये.”

दादा अजून बोलणार होता, पण आईने त्याच्यापुढे हात पसरला. “तुझं गाडीचं लायसन्स आण बरं इकडे. माझ्या कपाटात ठेवते. ऑफिसला जाताना मागून घेत जा.”

“आई, हे काय आता?”

“का? पळून जाणारेस का कुठे?”

दादा आत निघून गेला. रात्री जेवताना त्याने वहिनीला आधी वाढलं.

पुढच्या रविवारी वहिनी नेहमीसारखी क्लबात गेली. विमानाभोवती फिरून तपासणी करत होती, तेवढ्यात कुंपणाशी एक गाडी थांबली आणि कॅप्टन उतरले.

“एक फेरी मारायला येऊ का?” त्यांनी विचारलं. मग शर्टाच्या खिशावर हात ठेवला. “काल काढून आणलं.”

“मालकांनी दिलं?”

“सहजासहजी नाही. मी म्हणालो, माझं परत द्या, सगळ्यांचं परत द्या, नाहीतर दुसरा मुख्य पायलट शोधा. मुख्य पायलटशिवाय कंपनीला परवानगीच मिळत नाही. त्यांनी चार शिव्या घातल्या आणि उघडलं कपाट.” मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “तुम्ही विचारलंत तेव्हा लाज वाटली हो.”

वहिनीने दार उघडून धरलं. “चढा. यादी मात्र मोठ्याने वाचायची. आमच्याकडे तोंडातल्या तोंडात चालत नाही.”

वर गेल्यावर कॅप्टननी उरलेली गोष्ट सांगितली. कॅप्टनच्या आग्रहाने मालक तिला घ्यायला तयार झाले होते, पण राग गेला नव्हता. विमान कंपनीत ज्येष्ठतेचा क्रमांक असतो. कोण आधी रुजू झालं, त्यावर पुढचं सगळं ठरतं. आधी कुणी उडायचं, कुठल्या मार्गावर, कॅप्टनच्या खुर्चीत कधी बसायचं, सगळं. वहिनी निघून आली, त्या मधल्या दिवसांत बाकीचे अकरा जण रुजू झाले होते. वहिनीचा क्रमांक बारावा, आणि मालकांनी तो बदलायला साफ नकार दिला होता.

सोमवारी मी तिला सोडायला गेलो तेव्हा मालक गॅरेजच्या दारातच उभे होते.

“आलात? बरं झालं. पण सांगून ठेवतो, तुमच्या वर अकरा जण आहेत. कॅप्टन होईपर्यंत म्हातारी व्हाल.”

“होईन की,” वहिनी म्हणाली. “मी म्हातारी होईपर्यंत कंपनी चालवायचं तेवढं तुम्ही बघा.”

प्रशिक्षणाच्या खोलीत अकराच खुर्च्या मांडल्या होत्या. हे मुद्दाम होतं की विसरून, हे तिने विचारलं नाही. मालक तोवर वर येऊन बसले होते. ती त्यांच्या केबिनमध्ये गेली, टेबलासमोरची गादीची खुर्ची उचलली आणि ती घेऊन त्यांच्या समोरूनच वर्गात गेली.