एका वांग्याचं बी

तुम्ही कधी वांग्यावरून अबोला धरलाय का? आमच्या नाचणगावच्या बचत गटात धरला गेला. बायका एकत्र बसल्या की किस्से साठतच जातात; हे सगळे एकाच वांग्याचे.

वंदनानं नर्सरीतून हायब्रीड वांग्याची रोपं आणली होती. गोल, जांभळी, चकचकीत वांगी लागली. तिनं एक वांगं झाडावरच पिवळं होऊ दिलं आणि त्याचं बी गटात सगळ्यांना वाटलं.

*

माझ्याकडे लांब हिरवी वांगी आली. कमलमावशीकडे एका झाडाला पांढरी, शेजारच्याला पट्ट्यांची. मावशी म्हणाली, "माह्या परसात तं इलेक्शनच लागलं. हर झाडाचा झेंडा अलग."

*

वंदनाची जाऊ सरला, तिची मात्र हुबेहूब वंदनासारखी. आणि रेखाची बारकी, काटेरी.

रेखा वंदनाची शाळेपासूनची मैत्रीण. तिनं मनावर घेतलं. "जावेले चांगलं बी देल्लं, मले उरलंसुरलं."

"एकाच वांग्याचं व्हय वो, बाई," वंदना सांगत राहिली, पण ऐकतं कोण? रेखाच्या थोरल्या लेकीचा साखरपुडा ठरला. गटात सगळ्यांना बोलावणं गेलं, वंदनाला नाही. हे कळलं त्या दिवशी वंदना जेवली नाही.

*

माझ्याकडे भाड्यानं राहणाऱ्या मॅडम कॉलेजात बायोलॉजी शिकवतात. त्यांना मी मीटिंगला नेलं. त्यांनी मण्यांच्या दोन माळा काढल्या, लाल आणि हिरवी.

"झाडाचे गुण अशा माळांत असतात. एक आईकडची, एक बापाकडची. हायब्रीडचे आईबाप वेगळ्या जातींचे. फुलात पराग तयार होताना या माळा शेजारी येतात, काही मण्यांची अदलाबदल करतात, मग वेगळ्या होतात. एका परागकणात एकच माळ जाते. बीजांडातही तसंच; दोन्ही मिळून एक बी होतं. अशा पुष्कळ जोड्या असतात. कोणती कुठं जाईल, कुणी ठरवत नाही."

"म्हणजे भिशीच्या चिठ्ठ्या," कमलमावशी म्हणाली.

*

मग मॅडमनी रेखाला विचारलं, "तुमच्या मुली सारख्या आहेत?"

"कुठच्या? थोरली उंच, सावळी, तोंडातून शब्द नाई काढत. धाकटी बुटकी, गोरी, दिवसभर चिवचिव."

"माय एक, बाप एक. मग?"

रेखानं हिरवी माळ उचलून बोटांत फिरवली. म्हणाली, "धाकटीले मी काई उरलंसुरलं नाई देल्लं, मॅडम."



दुसऱ्या दिवशी सकाळी रेखा वंदनाच्या ओट्यावर येऊन बसली. मांडीवर पिकून पिवळं झालेलं काटेरी वांगं होतं. "याचं बी तू वाट," ती म्हणाली. "अन् साखरपुड्याले लवकर येजो, भाजी तुलेच करा लागते." दोघींनी ते वांगं तिथंच चिरलं आणि बी राखेत घोळून उन्हात टाकलं.