हातभर लांब

जळकोटच्या माझ्या मोबाईल दुकानात ते म्हातारे काका एकदाच आले. टॉवेलात गुंडाळलेलं नेटचं डोंगल त्यांनी काउंटरच्या पार टोकाला ठेवलं आणि खोक्यातला कागद माझ्यापुढं सरकवला.

"ह्याच्या लहरीनं मेंदूत गाठ होती का वो? काय लिवलंय बगा."

वेग, बँड, तापमान. तळाला मुंगीएवढ्या अक्षरात, 'वापरताना शरीरापासून अंतर ठेवा.' सांगायचंच होतं, तर मोठं तरी छापायचं!

"नुसती खबरदारी असती, काका. गाठ झाल्याचं मी तरी ऐकलं न्हाय."

"पोराची आई गाठीनं गेली तवा डॉक्टरबी तसंच म्हणले. पर पोराचा व्हिडिओ कॉल तुटू नये म्हणून तिच्या उशाला ते म्याच ठेवलं हुतं."

स्टँडकडं जाताना तो टॉवेल त्यांनी अंगापासून हातभर लांब धरला होता.