पुस्तकात नसलेली किल्ली

"उघड म्हणतोय ना मी! मागच्या वेळी चुटकीसरशी उघडलंस."

"मागच्या वेळी उघडलं नाही सेबो, फोडलं."

"एकच ते."

"कुलूप उघडणं आणि दार फोडणं एकच?"

किगुंडूसाहेब, आमच्या इस्पितळाचे व्यवस्थापक, इथल्या बोलीत सेबो, म्हणजे साहेब, दातांत अडकलेलं शेळीचं मांस काडीनं टोकरत होते. दुपारी वीज गेली तेव्हा जनरेटर जरासा खोकला आणि गप्प बसला. त्याचं डिझेल साहेबांच्या मेव्हण्याच्या वरातीनं प्यायलं, हे फाटकावरच्या कुत्र्यालाही माहीत होतं. रक्तपेढीचा डेटाबेस लिहिता लिहिता मध्येच कोसळला. वीज आली, पण तो काही उघडेना.

तो सांभाळते प्रॉसी नाकिबूले. मसाका गावची, तोंडानं फटकळ. पण साहेब वडिलांच्या वयाचे म्हणून रोज सकाळी गुडघे टेकून त्यांना नमस्कार करणारी. शेजारच्या खोलीत रक्त तपासणारी मी, अतिम.

त्या सॉफ्टवेअरमध्ये काही छुप्या सोयी आहेत. त्यांच्या नावाआधी एक रेघ असते, माहितीपुस्तकात अवाक्षर नाही, आणि कंपनीला विचारावं तर कानांवर हात. त्यातली एक सॉफ्टवेअरला सांगते: काय तुटलंय ते बघू नकोस, तसंच उघड. प्रॉसीच्या आधीच्या माणसानं जाता जाता ती तिच्या कानात सांगितली, आणि बजावलं, उघडलंस की त्याच दिवशी सगळी माहिती उपसून नव्या डेटाबेसमध्ये भर. साहेबांनी तो एक दिवस कधीच दिला नाही. उलट पाहुण्यांपुढे तिला माकडीसारखी नाचवायचे, "ही आमची जादूगारीण!" ती कसनुसं हसायची आणि तळहात स्कर्टला पुसायची, जणू काही चिकटलंय.

"सकाळची पिशवी विसरलात?" प्रॉसीनं विचारलं.

रक्तात कावीळ सापडली म्हणून त्या पिशवीवर लाल चिठ्ठी मीच लावली होती. पडद्यावर नोंदही मीच केली होती. गेल्या आठवड्यात प्रॉसीनं डेटाबेस फोडून उघडला, त्यात माझी नोंद गळून पडली आणि पिशवी शुद्ध होऊन बसली. आज सकाळी नर्स नंबर घेऊन तीच मागायला आली. शीतपेटीतली लाल चिठ्ठी दिसली म्हणून वाचलो.

"एक पिशवी!" साहेब म्हणाले. "चिठ्ठी काढून टाका. पडदा आणि पिशवी जुळले, मिटला घोळ."

प्रॉसीनं तोंडावर हात धरला, मला वाटलं ओकतेच आता.

"काय बोललात?"

"अगं, गंमत केली."

"रक्ताची?"

"बरं, गंमत राहू दे. उघड, दोन दिवसांनी वेळ देतो तुला."

"हेच तुम्ही मागच्या वेळी बोललात. त्याच्या आधीही. आणि मी मूर्ख, टाळ्या घेत राहिले. या घाणीला हात लावायचा नाही मला. आधी रिकामा डेटाबेस. कालची प्रत त्यात भरेन, एकेक नोंद पिशवीशी ताडून; आजचं पिशव्यांवरून."

"तोवर?"

"तोवर प्रत्येक पिशवी हातानं तपासून द्यायची. अतिम, तुझ्या शीतपेटीची चावी आण."

मी चावी काढली. साहेबांनी काडी जमिनीवर टाकली, नेमकी तिच्या पायापाशी.

"आणि बाळंतिणींच्या वॉर्डातून फोन आला तर? सांगू काय त्यांना, जादूगारीण रुसली?"

प्रॉसीनं काडीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. माझ्या हातातली चावी घेतली आणि गुडघे न टेकता शीतपेट्यांच्या खोलीकडे निघून गेली.