समोरच्या घरचं तळण

जगात जेवढे नियम असतील, तेवढ्या नियमांतून बाहेर पडायची एकेक खिडकी आमच्या समोरच्या काकूंना ठाऊक होती, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. नियम मोडणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं. मोडणाऱ्याला त्या भर गल्लीत झापायच्या. स्वतः मात्र नियम पाळता पाळता त्याला अशी काही कलाटणी द्यायच्या, की आपण मुळात कशासाठी होतो हे नियमालाच आठवू नये. एकादशीला चहात बिस्कीट बुडवताना मी त्यांना पकडलं, तेव्हा मलाच ऐकून घ्यावं लागलं, की बिस्कीट कारखान्यात होते, चुलीवर होत नाही, मग ते अन्न कसं? नांदेडच्या एसटीत कंडक्टरनं त्यांच्या भल्यामोठ्या कोहळ्याचं सामानाचं तिकीट मागितलं, तर त्यांनी कोहळा मांडीवर घेतला, त्यावर पदर टाकला आणि मांडीवरच्याले तिकीट कधीपासून लागून राह्यलं, असं विचारलं. कंडक्टर आमच्या उमरखेडचाच होता. तो गुमान पुढच्या सीटकडे गेला.

मग ते करोनाच्या दुसऱ्या लाटेचं वर्ष आलं. चौकात पोलीस, आणि बाहेर पडायला परवानगी फक्त दुधासाठी. काकूंनी ॲल्युमिनियमची किटली उचलली आणि सकाळ-संध्याकाळ दूध आणायला निघायला लागल्या. एका शिपायानं झाकण उघडून बघितलं, तर आत गरम वरण. काकू म्हणे शांतपणे बोलल्या, की किटली दुधाची हाय असं मी म्हटलं, आत दूध हाय असं कधी म्हटलं? त्या वरणावर आमच्या गल्लीतली चार आजारी घरं जगली. आमचं त्यातलंच एक.

पण वरणानं सगळे वाचत नाहीत. आमची आई गेली. पंधरा दिवसांत काकूंचे यजमान, आमचे गणिताचे गुरुजी, तेही गेले. दहाव्याला कोणी एक लांबची जाऊ काकूंना बांगड्या काढ म्हणायला लागली. काकू म्हणाल्या, या बांगड्या गुरुजींनी भरल्या नव्हत्या, कासारानं भरल्या. कासार जिवंत हाय, त्यानं सांगितलं तर काढतो. आता त्या दिवशी हसावं की रडावं, सांगा. मी हसलो, आणि आई गेल्यानंतरचं ते माझं पहिलं हसू होतं.

बाबांना मात्र कशानंच हसू येईना. आईनंतर त्यांनी बोलणंच सोडलं. बाहेरच्या खोलीत दिवाणावर बसायचे, भिंतीकडे बघत. जेवायला बोलावलं की दोन घास खाऊन पुन्हा तिथंच. उंबरा म्हणून ओलांडला नाही त्यांनी. माझं छपाईचं दुकान, त्या वर्षी एक लग्नपत्रिका नाही की काही नाही. घरी आलो की मी बाबांवरच चिडायचो, मग रात्रभर लाज वाटायची. आईपाठोपाठ हेही जाणार, अशी भीती मनात घर करून बसली होती.

अशात दिवाळी आली. आमच्याकडे रीत अशी, की घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी सणाला आपल्या घरी कढई चढवायची नाही. शेजाऱ्यांनी फराळाची ताटं आणून द्यायची. रीत सोन्यासारखी, पण ती घालून देणाऱ्यानं गल्लीच्या गल्लीत माणसं जातील असं काही धरलं नव्हतं. अकरा घरांतली सात दुःखाची. दोन घरांना कुलूप. उरलेल्या दोनांपैकी एका घरच्या बाईचा हात प्लास्टरमध्ये, आणि दुसरीकडे एकटा कारकून, जो स्वतःच खानावळीतून डबा आणायचा. ताटं पाठवणार कोण? पोरांनी तर विचारायचंही सोडलं होतं.

काकूंनी ओट्यावर उभं राहून सगळ्यांना हाका मारल्या. "आपल्या घरासाठी तळायचं नाही, हे बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या दुःखाच्या घरी फराळ पोचवायचा, हेही बरोबर हाय. मंग ज्यानं त्यानं समोरच्या घरचं तळा. आपलं तळलेलं आपल्या घरी खायचं नाही, म्हणजे झालं." टोकाच्या घरची म्हातारी म्हणाली, वास तर घरात येईलच ना. "वासाले सुतक नसते," काकू म्हणाल्या.

मी शाईचे हात घेऊन दारात उभा होतो. खरं सांगतो, सहा महिन्यांत मोठमोठ्या माणसांची मोठमोठी भाषणं ऐकली होती, पण एवढं शहाणं कोणी बोललं नव्हतं.

मग त्या आमच्या घरात शिरल्या आणि थेट बाबांसमोर बसल्या. "भाऊजी, मले चकली पाहिजे. वहिनीच्या भाजणीची."

माझ्या बायकोचा चेहरा उतरला. आईनं प्रमाण कुठंच लिहून ठेवलं नव्हतं. मी म्हणालो, काकू, ते आईबरोबर गेलं, शंकरपाळे सांगा. काकूंनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी विसरलेलं त्यांना आठवत होतं. भाजणीच्या डाळी आणायला दरवर्षी बाबाच जायचे, आणि हमखास विसरायचे, म्हणून आई त्यांच्याकडून दारातच दोनदा म्हणून घ्यायची आणि मग पिशवी हातात द्यायची. ती पाठांतरं काकूंनी समोरून चाळीस वर्षं ऐकली होती.

बाबांनी भिंतीवरची नजर काकूंकडे वळवली. मग घसा खाकरला. "तांदूळ चार," ते म्हणाले. "चण्याची डाळ दोन. मुगाची एक. उडदाची अर्धी. धने मूठभर."

"आन् जिरं?"

"जिरं आत्ता नाही. दळाच्या दिवशी."

आणि माझे बाबा उठले, खुंटीवरची पिशवी घेतली आणि उंबरा ओलांडून दुकानाकडे चालायला लागले. बायको तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. मी उगाच चपला नीट लावत बसलो.

चकल्या कडक झाल्या. आईच्या चकल्या तोंडात विरघळायच्या, या खलबत्त्यात घालाव्या लागतील अशा. आधी काकूंकडून करंज्यांचं ताट आलं. बाबांनी तीन खाल्ल्या. मग चकल्यांचं ताट ते स्वतः घेऊन निघाले आणि मी मागोमाग. काकूंनी एक तुकडा दाढेखाली धरला, बराच वेळ चावला आणि म्हणाल्या, वहिनीची अश्शीच राहे. खोटं बोलू नये या नियमालाही खिडकी असणारच.

गुरुजींच्या फोटोपुढं नुसती उदबत्ती होती. बाबांनी विचारलं, करंजी काहून नाही ठेवली, गुरुजींचा जीव होता करंजीवर. काकूंनी पहिल्यांदाच मान खाली घातली. "आपल्या घरचं तळलेलं हाय ना, भाऊजी," त्या म्हणाल्या. "फोटो बी आपल्याच घरात हाय." साऱ्या गल्लीला वाट काढून देणाऱ्या बाईला स्वतःसाठी वाट सापडली नव्हती.

बाबा तसेच घरी आले. आमच्या ताटातली एक करंजी वाटीत घेतली, परत गेले आणि ती फोटोपुढं ठेवली. "आता ही आमच्या घरून आली," ते म्हणाले. काकू त्या वर्षात पहिल्यांदा रडल्या. बाबा तिथंच खाली बसून राहिले, आणि त्यांना उठवायची मला घाई नव्हती.

आता काकू नांदेडला लेकीकडे असतात. त्यांच्या घराला कुलूप आहे. दुःखाचं वर्ष कधीच सरलं, पण आमची गल्ली अजून समोरच्या घरचंच तळते. गेल्या दिवाळीला बाबांनी चकल्यांचा डबा फडक्यात बांधला आणि स्टँडवर नांदेडच्या गाडीत ओळखीच्या कंडक्टरकडे दिला. तो कुरकुरला, की सामानाचं तिकीट काढावं लागते, काका. बाबांनी तो डबा त्याच्या मांडीवर नीट ठेवला. "मांडीवरच्याले तिकीट नसते," ते म्हणाले.

गाडी दिसेनाशी झाली, तरी ते बराच वेळ तिथंच उभे होते.