पहिलं घमेलं

"ए, तू न्हाई. तू बाजूला हो."

सिमेंट-वाळूच्या मालानं भरलेलं घमेलं माझ्या डोक्यावर होतं. बांधकामाचा ठेका घेतलेला गुत्तेदार हातात नारळ घेऊन उभा.

"पहिलं घमेलं सवाष्णीच्या हातानं पडलं पाहिजे. कपाळ बघ जरा तुझं." मग मुकादमाला म्हणाला, "हिचा माल फेकून दे."

मुकादमानं माझ्या डोक्यावरचं घमेलं उतरवलं आन् ओला माल मातीत ओतला. सगळ्या बाया बघायल्या.

आमच्या गावाच्या वरल्या अंगाला तळं हाय. भूकंपाचा हादरा बसला आन् सांडव्याची भिंत उभी चिरली. जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं, तीच भिंत. जुनी पाडून नवी बांधायचं काम निघालं. उन्हाळाभर त्या भिंतीचा मलबा आमी बायांनी वाहिला. मी बी वाहिला. तवा माझं कपाळ कुणी बघितलं न्हाई.

तरी गेले मी गुमान मिक्सरच्या मागं. पाय आपोआप गेले. नवरा वारल्यापासून सवयच लागली होती. हळदीकुंकू असलं की मी चुलीपाशी. वटी भरायची असली की मी मागल्या दारी. परवाच मोठी जाऊ म्हणली, "पोरीच्या लग्नात तू हळदीला हात लावू नको, मी लावीन." माझ्याच पोटच्या पोरीच्या! आन् मी मान हलवली होती.

मागं जुन्या भिंतीच्या मलब्याचा ढीग होता. त्याच्यावर बसले. तिकडं माझी जोडीदारीण कमल, तिला पुढं बोलवलं. ती घमेलं उचलंना. माझ्याकडंच बघायली.

बुडाखाली जुन्या सांडव्याचा दगड टोचायला. मनात आलं, ह्या भिंतीचं पहिलं घमेलं कुणी टाकलं असंल? रांडमुंड बाईनं? छे! तवा बी सवाष्णच शोधली असंल. नारळ फुटला असंल, कुंकू लावलं असंल. तरी चिरलीच की मेली!

अंगाची लाही लाही झाली. उठले. घमेलं भरलं आन् सरळ गुत्तेदाराच्या पुढ्यात गेले.

"साहेब, जुन्या भिंतीला सवाष्णीनंच हात लावला होता ना? मग भूकंपानं तिचं कुंकू बघितलं का?"

"लय बोलायलीस. उद्यापासून कामावर येऊ नको."

"येणार. ही भिंत फुटली तर पाणी माझ्या दारात येतंय, तुमच्या न्हाई."

कमलनं रिकामं घमेलं पालथं घातलं आन् त्याच्यावर बसली. बाकीच्या बी बसल्या. मिक्सरमधला माल आवळून घट्ट व्हायला लागला. गुत्तेदारानं एकदा मालाकडं बघितलं, एकदा बायांकडं. मग बाजूला सरकला.

मी घमेलं ओतलं.

सिमेंटच्या हातानं तशीच घरी गेले. जाऊ ओट्यावर बसली होती. म्हणलं, "अक्का, पोरीला पहिली हळद मी लावणार."

"आगं, लोक काय म्हणतील? भावकी मांडवातून उठून जाईल!"

"जाऊ दे. हळद मीच लावणार."