डेकवरचे ठिपके

विश्रामगृहाच्या मागच्या फळ्यांच्या डेकवर काळी बुरशी धरली होती. मॅनेजरबाई सकाळीच बजावून गेल्या, "काका, दुपारपर्यंत डेक लख्ख हवा. नाहीतर बाहेरची माणसं बोलवावी लागतील." बाहेरची माणसं आली की नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर मिळालेली मागची खोलीही. बावीस वर्षं काकांचा संसार त्या एका खोलीत मावला होता.

वर्षभरापासून काका बघतील तिथे त्यांना मधोमध राखाडी डबकं दिसायचं. कडेकडेचं तेवढं कळायचं. ही गोष्ट बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हती.

त्यांनी चपला काढल्या. भुसा आणि प्लॅस्टिक दाबून केलेल्या फळ्या होत्या त्या. तारेचा ब्रश लावला तर ओरखडे उठतात आणि बुरशी ओरखड्यातच घर करते. म्हणून कोमट साबणपाणी, मऊ ब्रश आणि फळीच्या रेषेबरोबर हात. बुळबुळीत कुठे लागतं ते तळपाय सांगायचा. घासायचं, धुवायचं, पुन्हा पाऊल टेकवायचं.

"अहो, चादरी वाळत टाकून येते," बायको म्हणाली. "तोवर मॅनेजरबाईंना बोलावू नका. मी एकदा नजर टाकते."

"टाक चादरी. मी काय आंधळा आहे?"

दोघंही हसली नाहीत.

शेवटची फळी खरखरीत लागली तेव्हा काकांनी पाठ सरळ केली. पण बायकोच्या आधी मॅनेजरबाईच येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय काका? ठिपके जिथल्या तिथे."

बुळबुळीत थर निघाला होता, काळा डाग फळीत मुरलेला तसाच होता. डाग पायाला लागत नाही, हे काकांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"कुठे?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"कुठे म्हणजे? तुमच्या समोर."

ते गुडघ्यावर बसले आणि जोर लावून घासू लागले.

"तिथे नाही."

ते हातभर सरकले.

"तिथेही नाही. काका, तिथे स्वच्छ आहे."

ब्रश थांबला. मॅनेजरबाईंचा आवाज खाली आला. "कधीपासून दिसत नाहीये तुम्हाला?"

"साबण जरा मुरू दिला तर निघेल," काका म्हणाले.

रिकामी बादली घेऊन आलेल्या बायकोला काही विचारावं लागलं नाही. "मी दाखवते त्यांना, बाई," ती म्हणाली. "मी बोट ठेवीन, ते घासतील."

"आणि चादरी कोण बघणार?" बाई म्हणाल्या. "मालकांना सांगावं लागेल मला. उद्या कुणी घसरलं तर माझ्या गळ्याशी येईल." आणि त्या आत गेल्या.

बायको ओल्या फळीवर बसली. काकांचा हात धरून तिने ब्रश पहिल्या ठिपक्यावर ठेवला.

"गेला?"

"नाही."

त्यांनी साबण ओतला, घासलं.

"आता?"

"नाही. घासा तुम्ही."