डावरीचं कोपर

डावखुरी माणसं मुळातच भांडखोर, असं तुम्हीही कधी ना कधी बोलून गेला आहात की नाही? खरं सांगा! बॅगांच्या कारखान्यात तर एका डावखुऱ्या बाईला, सगळ्यांच्या डावरीला, हे तोंडावरच ऐकवायचे.

तिथे लांबलचक टेबलापाशी बायका खांद्याला खांदा लावून बॅगांचे पट्टे हाताने शिवतात. टाका घातला की कोपर बाहेर काढून दोरा खच्चून ओढायचा. बाकीच्यांची उजवी कोपरं उडायची, डावरीचं डावं. तिच्या डाव्या अंगाला काकू. दोघींची कोपरं दिवसभर एकमेकींवर आदळायची.

"अगं बये, जरा माणसात बस की!"

"माणसातच बसलेय काकू, तुम्हीच माझ्या अंगावर येताय!"

की पेटलंच. एके दिवशी धक्क्याने काकूंची सुई सटकली आणि चामड्यावर हा एवढा ओरखडा. सुपरवायझर तणतणत आला. "हिचा हात वाकडा, तसा स्वभावही वाकडा. उद्यापासून येऊ नकोस!"

घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. दुसरी रडली असती. डावरीने काकूंना उठवलं नि ती जागा हाताने थोपटली. "साहेब, इथं बसा. एक पट्टा शिवून दाखवा, मग मी जाते."

सगळ्यांदेखत नाही कसं म्हणणार? बसला. शेजारी डावरीही शिवायला लागली. पहिल्या टाक्याला तिचं कोपर लागलं, त्याने राग गिळला. दुसऱ्याला नुसताच गुरगुरला. तिसऱ्याला सुई बोटात गेली आणि गडी उसळला, "बाई, डोळे फुटलेत का तुझे?"

"बघा काकू, साहेबही भांडखोर निघाले. आणि हे तर उजवे!"

टेबलभर हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने काकूच हसल्या. सुपरवायझर बोट चोखत उठला. टेबलाच्या डाव्या टोकाला रिकामी खोकी रचलेली होती, ती त्याने स्वतःच बाजूला सारली. "बस तिकडे. उद्या वेळेवर ये."

त्या टोकाला डावरीच्या डाव्या अंगाला कुणीच नाही. कोपर हवं तेवढं उडू दे! उजव्या अंगाला काकू, त्यांच्याशी आता दिवसभर गप्पा. काही दिवसांनी सुपरवायझर कौतुकाने म्हणाला, "सुधारलीस हां!"

डावरी जी भडकली! "मी कशाला सुधारतेय? होते तशीच आहे. खोकी हलली, साहेब!"

तुमच्या कामाच्या जागीही अशी एखादी भांडखोर असेलच. तिच्या स्वभावाला नावं ठेवण्याआधी एकदा तिच्या शेजारी बसून काम करा. आणि मग उठून ती खोकी हलवा.